आपत्तीत सोशल मीडिया वापरताना या चुका टाळा

१३ जानेवारी २०१८. सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी अमेरिकेतल्या हवाई राज्यात लोकांच्या फोनवर इशारा वाजला: क्षेपणास्त्र येत आहे, ताबडतोब आसरा घ्या, हा सराव नाही. इशारा चुकून गेला होता. राज्याच्या आपत्कालीन यंत्रणेनं ८ वाजून २० मिनिटांनी ट्विटरवर खुलासा टाकला. पण इशारा थेट फोनवर आला होता आणि फोनवर खुलासा यायला ८:४५ उजाडले. म्हणजे ३८ मिनिटं. तेव्हाचे गव्हर्नर डेव्हिड इगे यांनी पुढे सांगितलं की, त्यांना आपल्या ट्विटर खात्याचा पासवर्डच ठाऊक नव्हता.

इशारा मागे घेण्याच्या संदेशाचा मसुदा तयार नव्हता, खात्याची चावी हाताशी नव्हती, चूक एका वाटेनं गेली आणि दुरुस्ती दुसऱ्या वाटेनं आली. त्या ३८ मिनिटांचं कारण हे आहे, आणि यातली प्रत्येक गोष्ट आदल्या दिवशी ठरवता आली असती.

संस्थेचं, कार्यालयाचं किंवा स्वयंसेवकांच्या गटाचं खातं सांभाळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझं ठाम मत असं की, आणीबाणीत जो पोस्ट टाकतो, ती बंद करायची जबाबदारीही त्याचीच असते. मदत मिळाली, रस्ता खुला झाला, इशारा मागे घेतला, हे त्याच जागी, त्याच लोकांना सांगितलं जात नाही तोवर ती पोस्ट फिरत राहते आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मदतीच्या आड येते. खालच्या बऱ्याचशा चुका इथूनच निघतात.

संकट आल्यावर खातं उघडणं

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात जानेवारी २०११ मध्ये मोठा पूर आला. तिथल्या पोलिसांचं फेसबुक आणि ट्विटर खातं त्याच्या काही महिने आधी, २०१० मध्ये सुरू झालं होतं. पुरात लोक माहितीसाठी तिकडेच वळले. ‘मिथबस्टर’ असा हॅशटॅग लावून पोलीस एकेक अफवा खोडत गेले आणि लोक त्यांचं ऐकत गेले. ऐन पुरात खातं उघडलं असतं, तर खरं खातं कोणतं हेच शोधण्यात लोकांचा वेळ गेला असता. संकटात नावाशी मिळतीजुळती बनावट खाती हमखास उगवतात आणि देणग्याही मागतात. म्हणून आपली खरी खाती कोणती, याची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर आधीपासून असू द्या.

लॉगिनची अडचण तर फारच साधी आणि फारच घातक. खात्याला दुहेरी सुरक्षा असते, ओटीपी एकाच कर्मचाऱ्याच्या फोनवर येतो आणि नेमक्या त्या दिवशी तो फोन बंद किंवा नेटवर्कबाहेर असतो. उपाय तीन. बॅकअप कोड कागदावर छापून कुलपात ठेवा. ओटीपी एसएमएसवर घेण्याऐवजी नेटवर्क नसतानाही कोड देणारं ॲप वापरा. आणि निदान तीन ॲडमिन नेमा, तेही एकाच इमारतीत न बसणारे. इशारा, खुलासा, ‘इशारा मागे घेतला’ आणि ‘आमच्याकडे अजून पक्की माहिती नाही’ असे चार मसुदे लिहून ठेवा. चौथा मसुदा लोक विसरतात, पण पहिल्या अर्ध्या तासात तोच सगळ्यात जास्त लागतो.

वेळ न लिहिणं

‘आत्ता’, ‘आज संध्याकाळी’, ‘थोड्या वेळात’ हे शब्द आपत्तीच्या संदेशातून हद्दपार करा. बहुतेक माध्यमांवर पोस्ट काळाच्या क्रमानं दिसत नाहीत, कुणाला काय दाखवायचं ते अल्गोरिदम ठरवतो. दुपारी चारला टाकलेलं ‘पूल आत्ता सुरक्षित आहे’ रात्री बाराला कुणाच्या तरी पडद्यावर येतं, आणि तोवर पुलावर कमरेएवढं पाणी असू शकतं. पोस्टखाली छोट्या अक्षरात वेळ असते हे खरं, पण स्क्रीनशॉट काढला की ती कापली जाते, मजकूर कॉपी केला की गळून पडते.

म्हणून तारीख आणि वेळ मजकुराच्या पहिल्याच ओळीत हवी. चित्र असेल तर ते चित्राच्या आतही लिहा. शेवटी पुढची माहिती किती वाजता देणार ते सांगा, आणि त्या वेळेला नवं काही नसलं तरी ‘९:०० वाजता: परिस्थिती ६:०० वाजता होती तशीच’ एवढं टाका. ठरल्या वेळी आलेला असा कोरडा संदेशही लोकांना धीर देतो. तो चुकला की लोक माहिती दुसरीकडे शोधायला जातात, आणि दुसरीकडे काय मिळेल यावर आपला ताबा नसतो.

जुना मजकूर नव्या आपत्तीत घुसतो तोही वेळेअभावीच. डिसेंबर २०१६ मध्ये बँकॉकला एका माणसानं सरकारी इमारतीवर फटाके फेकले. ‘मी सुरक्षित आहे’ असं ओळखीच्यांना कळवण्याची फेसबुकची ‘सेफ्टी चेक’ सुविधा आपोआप सुरू झाली आणि तिच्यासोबत आधीच्या वर्षीच्या एका स्फोटाच्या बातमीचा दुवा फिरू लागला. शहरात बॉम्बस्फोट झाला असं काही काळ लोकांना वाटलं. आलेला फोटो किंवा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी तो उलट शोधून पाहा. चित्र टाकून जुन्या प्रती शोधण्याची सोय मोठ्या सर्च इंजिनांत फुकट आहे. तेवढाही वेळ नसेल तर तो पाठवू नका.

मदतीच्या हाका नुसत्या पुढे ढकलणं

ही सगळ्यात मोठी चूक. आणि ती चांगुलपणातून होते, म्हणून तिच्यावर सविस्तर बोलायला हवं.

मदतीची हाक ऑनलाइन ऐकली जाऊ शकते हे १२ जानेवारी २०१० च्या हैतीतल्या भूकंपानंतर जगानं पाहिलं. ४६३६ या क्रमांकावर लोक क्रिओल भाषेत एसएमएस पाठवत, परदेशात राहणारे हैतीचे स्वयंसेवक त्यांचं भाषांतर करत आणि ठिकाणं नकाशावर नोंदवली जात. त्यासाठी वापरलेलं ‘उशाहिदी’ हे साधन केनियातल्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात, २००८ मध्ये जन्मलं होतं. या व्यवस्थेत संदेश जसाच्या तसा ढकलला जात नव्हता. कुणीतरी तो वाचत होतं, भाषांतर करत होतं, ठिकाण शोधत होतं.

आता गटांमध्ये रोज दिसणारं चित्र पाहा. ‘तातडीची मदत हवी, कृपया जास्तीत जास्त शेअर करा’. खाली एक पत्ता आणि एक फोन नंबर. वेळ नाही. शंभर जण तो मजकूर कॉपी करून शंभर गटांत टाकतात. दोन तासांनी कुटुंबाची सुटका होते, पण ती बातमी शंभर गटांत जात नाही. २०१८ मध्ये केरळच्या पुरात हेच झालं: सुटका झालेल्यांच्या नावानंही विनंत्या फिरत राहिल्या. बोट रिकाम्या घराकडे जाते, तेव्हा भरलेलं घर वाट पाहत राहतं.

दुसरं नुकसान कुणाच्या ध्यानातही येत नाही. पत्त्यासोबतच्या नंबरवर पन्नास स्वयंसेवक पन्नास वेळा फोन करतात, ‘तुम्ही अजून अडकलेले आहात का?’ अडकलेल्या माणसाच्या फोनची बॅटरी त्यातच संपते, आणि बचाव पथकाचा फोन येतो तेव्हा तो लागत नाही.

यावरचा इलाज वेळखाऊ वाटतो, पण पहिल्या दिवशी अर्धा तास घालवला तर पुढचे दिवस वाचतात. गटानं सगळ्या विनंत्यांची एकच यादी ठेवावी, एक सामायिक ऑनलाइन तक्ता पुरतो. प्रत्येक विनंतीला क्रमांक द्यावा. अवस्था चारच असाव्यात: आली, खात्री केली, पथकाला कळवली, बंद. खात्रीचा फोन एकाच माणसानं करावा आणि केल्याची वेळ तक्त्यात लिहावी. बाहेर पाठवायचा असेल तर मजकूर कॉपी न करता मूळ पोस्टचा दुवा पाठवावा, म्हणजे मूळ पोस्टच्या माथ्यावर ‘सुटका झाली, १४:३०’ असं लिहिताच दुवा उघडणाऱ्या प्रत्येकाला ते दिसतं. मजकूरच पाठवावा लागला, तर तो कुठल्या कुठल्या गटांत टाकला याची नोंद ठेवा आणि काम झालं की त्याच गटांत ‘क्रमांक २७ बंद’ असं टाका. कंटाळवाणं काम आहे, पण गटातल्या एका माणसाला दिवसभर एवढंच काम दिलं तरी ते वाया जाणार नाही.

विनंतीत काय हवं? नेमकं ठिकाण. किती माणसं, त्यांत वृद्ध, लहान मुलं, आजारी, चालता न येणारी किती. काय हवं: सुटका, औषध की पाणी. लिहिल्याची वेळ. आणि स्वतः अडकलेल्या माणसाचा किंवा त्याच्याशी थेट बोललेल्याचा नंबर. ‘मित्राच्या मित्राकडून कळलं’ अशी विनंती खात्री होईपर्यंत पुढे जाऊ नये.

ठिकाणाबाबत एक मोठा गैरसमज आहे. पोस्टवरून किंवा फोटोवरून ठिकाण आपोआप कळेल असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात ठिकाणाचे अचूक निर्देशांक जोडलेल्या पोस्ट अगदी थोड्या असतात, आणि बहुतेक माध्यमं फोटो चढवताना त्यातली ठिकाणाची माहिती काढून टाकतात. पत्ता शब्दांत लिहाच, सोबत नकाशाच्या ॲपमधले अक्षांश-रेखांशही द्या. ‘मोठ्या दुकानाच्या मागे’ हे तिथल्या माणसाला कळतं, बाहेरून आलेल्या बचाव पथकाला कळत नाही.

आणि खोट्या हाकाही असतात. १ जानेवारी २०२४ ला जपानच्या नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला, तेव्हा ‘एक्स’वर (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर) बनावट पत्त्यांसह मदतीच्या हाका पसरल्या. खात्री करणं म्हणजे संकटातल्या माणसावर अविश्वास दाखवणं, असं काही स्वयंसेवकांना वाटतं. खऱ्या संकटातल्या माणसापर्यंत पथक वेळेत पोचावं म्हणूनच ती करायची.

पोस्टला फोनचा पर्याय समजणं

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी चक्रीवादळानंतर ह्यूस्टनमध्ये ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाच्या लाइन तुंबल्या आणि लोकांनी फेसबुक-ट्विटरवर सुटकेची मागणी सुरू केली. अमेरिकेच्या तटरक्षक दलाला तेव्हा सांगावं लागलं की, संकटाची खबर सोशल मीडियावर देऊ नका, फोन करा. आणीबाणीचा क्रमांक लावत राहायचं, पोस्ट ही त्याच्या जोडीची दुसरी वाट.

खातं चालवणाऱ्यांचीही इथे जबाबदारी येते. तुमच्या खात्यावरची मदतीची हाक कोण वाचतं, किती वाजेपर्यंत वाचतं, हे प्रोफाइलमध्ये आणि पिन केलेल्या पोस्टमध्ये स्पष्ट लिहा. रात्री कुणी पाहत नसेल तर तसं लिहा आणि आणीबाणीचा क्रमांक द्या. इनबॉक्समध्ये मदत मागून सकाळपर्यंत वाट पाहणारा माणूस ही कल्पना नाही, असं घडू शकतं.

अफवा खोडताना तीच पसरवणं

ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराच्या इमारतीत ३ फूट पाणी शिरल्याची बातमी ट्विटरवरून पसरली. ती धादांत खोटी होती, तरी सीएनएननं ती दाखवली. त्याच वादळात अमेरिकेच्या आपत्ती यंत्रणेनं, फेमानं, अफवांचा खुलासा करणारं स्वतंत्र पान चालवलं. खोटी बातमी खरीपेक्षा वेगानं पळते हे मोजूनही झालं आहे: २०१८ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवलं की, ट्विटरवर १५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या जवळपास सहापट वेळ लागत होता.

त्यामुळे खुलाशाची मांडणी महत्त्वाची ठरते. ‘धरण फुटल्याची बातमी खोटी’ असं शीर्षक दिलं, तर घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘धरण फुटलं’ एवढंच उरतं. सुरुवात सत्यानं करा: ‘धरण सुरक्षित आहे. १७:०० वाजता अभियंत्यांनी पाहणी केली.’ मग अफवेचा एकदाच, थोडक्यात उल्लेख. मग पुन्हा सत्य, आणि कुठं पडताळायचं ते. खोटा फोटो दाखवायचाच असेल तर त्याच्यावर आडवं, ठळक ‘खोटं’ लिहून दाखवा. कोरा फोटो टाकलात तर लोक तो तुमच्याच खात्यावरून उचलून पुढे पाठवतील.

बंद गटांत ही लढाई अवघड होते, कारण तिथं काय फिरतंय ते बाहेरून दिसत नाही. व्हॉट्सॲपनं २०१९ पासून जगभर एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये खूप फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. वेग कमी झाला, अफवा संपल्या नाहीत. गटातलाच कुणीतरी खुलासा तिथं नेऊ शकतो, म्हणून खुलासा असा लिहा की तो उचलून नेता येईल: तीन-चार ओळी, वेळ, संस्थेचं नाव आणि अधिकृत दुवा.

स्वतःची चूक झाली असेल तर पोस्ट गुपचूप पुसू नका. तिचे स्क्रीनशॉट निघालेले असतात, आणि मूळ पोस्ट नाहीशी झाली की ‘काहीतरी लपवताहेत’ ही नवी अफवा सुरू होते. काय चुकलं, बरोबर काय, कधी दुरुस्त केलं हे चूक जिथे जिथे गेली तिथे तिथे पाठवा.

नावं आणि चेहरे

एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर लोकांनी फोटोंवरून स्वतःच संशयित शोधायला घेतले. एका निर्दोष तरुणाचं नाव जगभर गेलं, आणि रेडिटला त्याच्या कुटुंबाची माफी मागावी लागली. तुमच्या पानावरच्या प्रतिक्रियांत असा तपास सुरू झाला तर लगेच थांबवा. लोकांकडून फोटो-व्हिडिओ हवे असतील तर ते तपास यंत्रणेकडे पाठवायला सांगा. जखमींचे, मृतांचे ओळखू येणारे फोटो तर कधीच नाही. घरच्यांना ती बातमी फोनच्या पडद्यावर कळू नये.

हॅशटॅगची गर्दी

थोडक्यात सांगतो. एकाच आपत्तीला पाच हॅशटॅग झाले की माहिती पाच ठिकाणी विखुरते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी मदत समन्वय कार्यालयानं २०१४ मध्ये याविषयी सूचना काढल्या होत्या: एक हॅशटॅग घटनेसाठी, एक मदतीच्या मागणीसाठी, एक परिस्थिती कळवण्यासाठी. फिलिपीन्समध्ये ‘रेस्क्यूपीएच’ हा टॅग सुटकेच्या हाकांसाठीच वापरण्याची पद्धत पडली. ती टिकवायची तर सुटकेच्या टॅगमध्ये प्रार्थना, श्रद्धांजली, आभार यांतलं काही टाकू नका. भावना खऱ्या असतात, पण त्यांच्याखाली हाक दबते.

जिथून आवाज नाही तिथे सगळं ठीक आहे असं समजणं

सँडी वादळात सर्वाधिक ट्वीट न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातून आले. त्याच शहरातल्या ब्रीझी पॉइंट, कोनी आयलंड, रॉकअवे या किनाऱ्यावरच्या भागांना जबर तडाखा बसला होता, पण तिथून फारच कमी आले. तिथं वीज गेली, फोनच्या बॅटऱ्या संपल्या, नेटवर्क पडलं. नुसते ट्वीट मोजून मदत वाटली असती तर ती चुकीच्या जागी गेली असती.

ही चूक नकाशावर सुबक दिसते, म्हणून धोकादायक आहे. पडद्यावर लाल ठिपके दाटीनं दिसतात आणि आपण तिकडे धावतो. वृद्ध, स्मार्टफोन नसलेले, वेगळी भाषा बोलणारे, लिहिता न येणारे यांचे ठिपके उमटतच नाहीत. म्हणून उलटी यादीही ठेवा: कोणत्या भागातून आधी रोज पोस्ट येत होत्या आणि आता येत नाहीत? तिथं माणूस पाठवा, रेडिओवरून विचारा, लँडलाइन लावून पाहा.

नेमक्या वेळी काहीतरी अडतं तेव्हा

पोस्ट टाकली, पण पोचतच नाही. ती पिन करा, आणि ज्या स्थानिक पानांना, गटांना लोक आधीपासून पाहतात त्यांच्या चालकांना थेट दुवा पाठवा. अशा चालकांची यादी आपत्तीआधीच केलेली हवी.

खातं अचानक अडवलं गेलं. थोड्या वेळात पुष्कळ सारख्या पोस्ट केल्या की यंत्रणेला ते स्पॅम वाटतं. नोतोच्या भूकंपात जपानमधल्या एका लोकप्रिय आपत्ती-माहिती खात्याला ‘एक्स’च्या मर्यादेमुळे आपोआप जाणाऱ्या पोस्ट थांबवाव्या लागल्या होत्या. त्याआधी, एप्रिल २०२३ मध्ये, न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेनं ट्विटरवर सेवेचे इशारे देणंच काही काळ बंद केलं होतं. माध्यम दुसऱ्याच्या मालकीचं असतं आणि त्याचे नियम रातोरात बदलतात. माहिती आधी स्वतःच्या संकेतस्थळावर टाका, मग सगळीकडे तिचा दुवा द्या. पर्यायी खात्याचं नाव शांततेच्या काळातच जाहीर करून ठेवा.

नेटवर्क क्षीण आहे. व्हिडिओ आणि जड चित्रं बंद करा. साधा मजकूर टाका, कारण चित्रातला मजकूर स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तींनाही वाचता येत नाही. डेटा चालत नसताना एसएमएस अनेकदा जातो. आणि एखाद्या भागातल्या सगळ्यांना एकदम सावध करायचं असेल तर सेल ब्रॉडकास्ट हाच योग्य मार्ग, कारण तो नंबरनिहाय संदेश पाठवत नाही, टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकाच वेळी पोचतो आणि गर्दीत अडकत नाही. तो अधिकार सरकारी यंत्रणेकडे असतो, म्हणून तिथल्या जबाबदार माणसाचा क्रमांक आधीच तुमच्याकडे हवा.

आपत्ती ओसरल्यावर

इथं बहुतेक जण दमून थांबतात. पिन केलेला जुना इशारा महिनोन्महिने तसाच राहतो आणि पुढच्या पावसात कुणीतरी तो नवा समजून पाठवतो. तो काढा किंवा त्याच्या माथ्यावर ‘बंद’ आणि तारीख लिहा. तक्त्यातली प्रत्येक उघडी विनंती तपासा. ‘कळवली’ या अवस्थेत अडकलेल्या विनंत्या हमखास सापडतात, आणि त्यातल्या एखाद्या घरी खरंच अजून कुणी पोचलेलं नसतं. हे झाल्यावर संकटात सापडलेल्यांचे नंबर, पत्ते, आजारांची माहिती सार्वजनिक तक्त्यातून, पोस्टमधून आणि गटांतून पुसून टाका, कारण फसवणूक करणारे नंतर तेच शोधत येतात. कोणता संदेश किती वाजता गेला, विनंती किती वेळात बंद झाली, कुठं अडलं, ही नोंद मात्र नावं काढून जपून ठेवा आणि पुढच्या सरावाच्या दिवशी तीच टेबलावर ठेवून मसुदे दुरुस्त करा.